अक्सुमचं राज्य आणि मागावरचं शेपूट

अक्सुमचं राज्य का बुडालं, हे माझ्या नातीला कॉलेजात सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं होतं आणि ते तिला माझी धाकटी बहीण शिकवत होती. राज्य बुडालं याचं मला काही नव्हतं. बहीण शिकवते याचं होतं.

बहीण हायस्कुलात मास्तरीण होती, आता रिटायर झाली. मी चौथी पास. ती शहराच्या त्या टोकाला चांगल्या वस्तीत फ्लॅटमध्ये एकटी राहते. मी जरीपटक्याच्या बाजाराजवळ दोन खोल्यांत राहते आणि साड्यांना रफू करते. नवरा गेला. मुलगा उमरेडला कोळसा खाणीत कामाला आहे, सून तिथेच असते. त्यांची मुलगी, म्हणजे ही नात, कॉलेजसाठी माझ्याकडे आली आणि दोन वर्षं माझ्या ताटाला ताट लावून जेवली. मग तिनं इतिहास हा विषय घेतला आणि शनिवार-रविवार बहिणीकडे जायला लागली.

येताना हातात पुस्तकं असायची आणि तोंडात बहिणीची वाक्यं. लहानी आजी असं म्हणते, लहान्या आजीनं तसं सांगितलं. एकदा तर वरणाला फोडणी कशी द्यावी हेही लहान्या आजीनं सांगितलेलं निघालं. माझ्या बहिणीला धड कणीक मळता येत नाही, हे मी नातीला तिथल्या तिथे सांगितलं. ती हसली आणि फोडणी बहिणीसारखीच दिली.

म्हातारपणी माणूस कोणावर जळत नाही म्हणतात. मी जळते. बहिणीच्या चष्म्यावर जळते, तिच्या पुस्तकांच्या कपाटावर जळते, तिला रस्त्यात पन्नाशीचे बाप्ये वाकून नमस्कार करतात त्यावर जळते. पण हे सगळं मी पचवलं होतं. नातीचं पचेना.

मग एक दिवस मुलाचा फोन आला. बहिणीनं माझ्याशी न बोलता सरळ त्याच्याशी बोलून ठेवलं होतं. पुढच्या महिन्यापासून मुलगी तिच्याकडे राहील. वेगळी खोली आहे, टेबल आहे, कॉलेज पायी दहा मिनिटांवर.

"आई, तिले तिथं अभ्यासाले बरं पडन," मुलगा म्हणाला. "तुझ्याकडं बाजाराचा कल्ला राहते दिवसभर."

"दोन वर्षं नव्हता का कल्ला?"

"आता शेवटचं वर्ष आहे ना. सोमवारी तिचं कॉलेजात बोलणं आहे, ते झालं की सामान नेऊ."

"मले विचारून राहिला का सांगून राहिला?"

"सामान फार नाही ना तिचं?" तो म्हणाला. म्हणजे सांगत होता.

मी फोन ठेवला आणि हातातल्या साडीत इतके जवळ टाके घातले की ती जागा पुठ्ठ्यासारखी झाली. उसवून परत करावी लागली.

शुक्रवारी संध्याकाळी माझ्या मोबाइलवर बहिणीचा फोन आला. नातीचा लागत नव्हता. बहीण म्हणाली, "ताई, पोरीले उद्या दहाले पाठव. शाळेतला मोठा नकाशा काढून ठेवला मी. एकदा पूर्ण बोलून घेऊ तिच्याकडून. मी उद्या बाहेर जाणार होती, पण रद्द केलं म्हणून सांग."

मी "हौ" म्हटलं.

नात दारात कपडे वाळत घालत होती. चार पावलांवर. मी तिला सांगितलं नाही. विसरले नाही. ठरवून सांगितलं नाही.

शनिवारी ती उठली आणि म्हणाली, "आज लहानी आजी बाहेर जाणार आहे. मी घरीच तयारी करतो."

"मले म्हणून दाखव ना," मी म्हटलं.

"तुले?"

"काहून? मले कान नाहीत?"

तिनं खुर्ची सरकवून जागा केली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी पलंगावर रफूची साडी घेऊन बसले. मला आठवतं, मी आदल्या दिवशीच केस धुतले होते, तरी उगाच पदर नीट केला. कोणी मला उभं राहून काही समजावून सांगतंय, असं फार वर्षांत झालं नव्हतं.

ती म्हणाली की दीड हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेत समुद्रापासून आत, उंच डोंगरांवर अक्सुम नावाचं शहर होतं. तिथले राजे सोन्याची नाणी पाडायचे. अखंड दगडाचे झाडाहून उंच खांब उभे करायचे. खाली समुद्रकाठी त्यांचं अदुलिस नावाचं बंदर होतं. डोंगरातून हस्तिदंत खाली यायचा, बंदरात जहाजं लागायची. आपल्याकडून तिथं सुती कापड जायचं.

मी सुई थांबवली. "आपल्याकडून म्हणजे?"

"हिंदुस्थानातून."

"कोणतं कापड? जाडं का पातळ? पांढरं का रंगवलेलं?"

"आजी, तेवढं नाही दिलं पुस्तकात."

"मग काय दिलं? हत्तीचा दात देऊन कापड घेणारा माणूस आधी पोत पाहीन का नाही? बोटात धरून पाहिल्याशिवाय कोणी कापड घेत नाही."

तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. माझं बोलणं लिहून घेतलं. मी वर पाहिलं नाही, पण मला ते फार आवडलं.

"बरं, बुडालं कसं ते सांग," मी म्हटलं.

"तिथले लोक सांगतात की बाहेरून एक राणी आली. तिनं सगळं जाळलं, देवळं पाडली, राजाचं घराणं संपवलं."

"झालं मग. राणीनं बुडवलं."

"तेच तर नाही ना," नात म्हणाली आणि बोट वर केलं. ते बोट बहिणीचं होतं. "राणीच्या कितीतरी आधीपासून राज्य पोकळ होत आलं होतं. समुद्रावरचा रस्ता दुसऱ्यांच्या हातात गेला, बंदरात जहाजं येणं कमी झालं. डोंगरावरची झाडं तोडून तोडून संपवली, माती वाहून गेली, पाऊस भरवशाचा राहिला नाही, पीक होईना. लोक सरकत सरकत दुसरीकडे गेले. राणी आली असली तरी ती शेवटी आली."

"मग लोक तिचंच नाव काहून घेतात?"

"सोपं पडते ना आजी. एका बाईचं नाव घेतलं की बाकी काही पाहावं लागत नाही."

पोरीनं ते सहज म्हटलं. तिला माझ्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं. पण माझ्या बोटात सुई घुसली.

"अन् परत काहून उभं राहिलं नाही?" मी विषय पुढे ढकलला. "एकदा धंदा बसला तर बसला, पुन्हा सुरू करता येत नव्हता?"

"ते मलेही नीट सांगता येत नाही."

"मी सांगतो," मी म्हटलं. "शेपूट राहिलं नसन."

तिला कळलं नाही. तिनं माग पाहिलेलाच नाही. म्हणून मी सांगितलं.

उमरेडला आमच्या घरात हातमाग होता. माझा बाप, आम्ही त्याला बा म्हणायचो, साड्या विणायचा. साडी विणून झाली की विणकर माग कधीही पूर्ण रिकामा करत नाही. उभे धागे फणीतून ओवलेले असतात आणि फणीच्या मागे दोऱ्यांच्या बारीक फासांतून. हजारांवर धागे, प्रत्येकाचं घर ठरलेलं. कापड कापून घेतात, पण त्या जुन्या धाग्यांचा वीतभर तुकडा मागातच ठेवतात. आमच्या घरी त्याला शेपूट म्हणायचे. नवे धागे आले की एकेक नवा धागा एकेका जुन्याला पीळ देऊन जोडायचा आणि हळूहळू ओढून घ्यायचा. एका दिवसात काम होतं. शेपूट गेलं तर मात्र एकेक धागा नव्यानं ओवत बसावं लागतं. एक जण मागून धागा देतो, दुसरा समोरून आकड्यानं ओढतो. आठ-आठ दिवस जातात. एक घर चुकलं तर साडीभर रेघ दिसते.

"जहाजं थांबली तरी शेपूट ठेवावं लागते," मी नातीला म्हटलं. "ओळखीचा दलाल, दंत आणणारा माणूस, बंदरात वजन करणारा. ते गेले की उद्या जहाज आलं तरी जोडणार कशाले?"

ती भराभरा लिहीत होती. मग लिहिता लिहिता तिनं विचारलं, "तुमच्या मागाचं शेपूट कधी गेलं होतं का?"

"एकदा गेलं."

"कसं?"

"कोणीतरी कापलं."

"कोणी? अन् आजी, तू शाळा त्याच वेळी सोडली का? तू नेहमी म्हणतेस ना, लहान्या आजीपायी शाळा सुटली."

हो. मी नेहमी तेच म्हणते. नवऱ्याला सांगितलं, मुलाला सांगितलं, सुनेला आल्या आल्या सांगितलं. बानं तिला शिकवलं आणि मला मागाला बसवलं. ती शिकली म्हणून मी राहिले. इतकी वर्षं हेच बोलत आले, आणि त्या सकाळी तोंड उघडलं तर ते वाक्य निघेना.

तेवढ्यात दारात ऑटो थांबला. बहीण उतरली. काखेत गुंडाळलेला नकाशा, तिच्याएवढाच लांब, आणि कपाळाला घाम.

"बारा वाजले!" ती दारातूनच ओरडली. "दहाले बोलावलं होतं. दोन तास वाट पाह्यली मी. फोन तरी उचलायचा!"

नातीचा फोन आत चार्जिंगला होता, आवाज बंद करून. ती म्हणाली, "मले कोणी सांगितलंच नाही, लहानी आजी."

"तुझ्या आजीले सांगितलं होतं. काल संध्याकाळी."

दोघी माझ्याकडे पाहायला लागल्या.

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

"विसरली का वं ताई?"

"नाही."

बहिणीनं नकाशा भिंतीला टेकवला आणि खुर्चीवर बसली. "काय म्हणावं तुले! साठ वर्षं झाली, तू माझ्यावर जळून राहिली. माझी नोकरी लागली तेव्हा तू पेढा नाही खाल्ला. दात दुखते म्हणे! आता या पोरीच्या अभ्यासातही आडवी पडतेस? बानं मले शाळेत पाठवलं, त्यात माझा काय गुन्हा? मी हुशार होती म्हणून पाठवलं."

हे तिचं वाक्य. रिटायर झाली तेव्हा माइकवरही हेच बोलली होती, मी समोर बसून ऐकलं होतं. गरीब विणकराला कळलं की आपली धाकटी मुलगी हुशार आहे, वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"हुशार होती म्हणून नाही," मी म्हटलं. "शेपूट मी कापलं होतं."

तिला कोणतं शेपूट ते सांगावं लागलं नाही.

मी तिथं जे सांगितलं तेच इथं लिहिते. मी चौथी पास झाले होते, पाचवीत नाव घालायचं होतं. बहीण पहिली पास झाली होती. शाळेतल्या बाईंनी सगळ्यांसमोर मला म्हटलं होतं, लहान्या बहिणीकडून अक्षर शिक. मी दहा वर्षांची आणि ती साडेसहाची. बा नव्या धाग्यांसाठी बाहेरगावी गेला होता, माय नळावर होती. मी कात्री घेऊन मागात शिरले आणि शेपूट कापलं. नुसतं कापलं नाही, एकेक मूठ धरून फणीतून बाहेर ओढून काढलं. मग कात्री बहिणीच्या पाटीच्या पिशवीत ठेवली. ती नेहमी मागाखाली खेळायची, चिंध्या कापायची. मला वाटलं, बा तिचं नाव शाळेतून काढेल आणि तिला मागासाठी कांड्यांवर सूत भरायला बसवेल.

बा आला. कात्री पिशवीत सापडली. त्यानं तिला इतकं मारलं की शेजारची बाई मधे पडली. आणि मग तो माझ्या मायला म्हणाला, "हिले घरात ठेवू नको. मागाजवळ दिसली तर हात तोडीन. शाळा उघडली की सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथंच कोंडा."

धागे ओवायला त्यानं मला घेतलं. माझी बोटं बारीक होती. मी मागून धागा द्यायची, तो समोरून ओढायचा. नऊ दिवस लागले. तोवर शाळा उघडली आणि माझं पाचवीचं नाव राहून गेलं. नवव्या दिवशी साडी सुरू झाली, एकही रेघ नव्हती. बानं माझे हात धरून उलटे सुलटे पाहिले आणि म्हणाला, ही शाळेत काय करणार आहे.

माझी शाळा मीच कापली. तिची मीच सुरू करून दिली.

सांगून झालं तेव्हा बाहेर भाजीवाला ओरडत होता. नात कधी बहिणीकडे कधी माझ्याकडे पाहत होती. बहिणीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"कात्री माझ्या पिशवीत होती," ती म्हणाली. "मले आठवते. मले वाटायचं, मीच कापलं असन अन् विसरली असन. माझ्या लग्नानंतरही बा चिडवायचा मले. हिनं माझा माग मोडला होता म्हणे. मी हसायची."

"माहीत आहे मले."

"तू तिथंच उभी राहायची."

"हौ."

"तू माणूस आहे का काय वं?"

मी सुईत दोरा ओवायला लागले, तो जाईना.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे बाले माझं काही दिसलंच नव्हतं. मले घराबाहेर काढायचं होतं, बस. अन् मी साऱ्या शाळेले सांगत राहिली."

तिचा चेहरा असा झाला होता की एरवी मला दया यायला हवी होती. खरं सांगते, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याजवळ असं काही नव्हतं ज्यावर मी जळावं. ते बरं वाटणं थोडाच वेळ टिकलं. मग मला तिच्या पाठीवरचे तेव्हाचे वळ आठवले. माय हळद लावत होती आणि मी वाटी धरून बसले होते.

"पुढं तर तूच शिकली ना," मी म्हटलं. "शाळेत कोंडलेल्या साऱ्या पोरी मास्तरणी नाही झाल्या."

"तू नको सांगू मले."

"बरं."

नात मधे आली. तिनं नकाशाचा दोरा सोडला आणि तो पलंगावर पसरला. माझ्या रफूच्या साडीवरच. "लहानी आजी, अदुलिस कुठं येते दाखव," ती म्हणाली. बहीण वाकली आणि तिनं बोट ठेवलं. समुद्राची एक लांब चीर, तिच्या काठावर. मी पण वाकून पाहिलं. तिथून आपल्याकडे यायला मधे सगळं निळंच होतं.

संध्याकाळपर्यंत पोरीनं दोनदा सगळं म्हणून दाखवलं. बहीण उच्चार सुधारत होती. मी मधे बोलले नाही. चहा केला, तो बहिणीनं घेतला नाही. जायला निघाली तेव्हा दारात थांबली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तरी पोरीले मी नेणार आहे."

मी तोवर मनात बरंच काही ठरवत होते. मुलाला सांगेन की मला चक्कर येते. सुनेला सांगेन की बहीण पोरीला नीट खायला घालत नाही. दोन्ही चाललं असतं, मला माहीत आहे, मुलगा भित्रा आहे. पण एकदा कापून काय झालं ते नुकतंच स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, आणि पोरगी तिथंच उभी होती.

"ने," मी म्हटलं. "रविवारी इकडं पाठवत जा."

"ते ती पाह्यन."

"पाठवत जा म्हटलं ना."

ती ऑटोत बसली.

सोमवारी दुपारी बहिणीचा फोन आला. ती कॉलेजात ऐकायला गेली होती. मला कोणी बोलावलं नव्हतं. पोरगी चांगली बोलली, ती म्हणाली. आवाज कोरडा होता.

"मग?"

"मग काय. राणीचं सांगितलं, बंदराचं सांगितलं, झाडांचं सांगितलं. मी शिकवलं तसं." मग म्हणाली, "शेवटी तिनं ते मागाचं शेपूट सांगितलं. मी नको म्हटलं होतं, पुस्तकात नाही ते. तरी सांगितलं."

"अन्?"

"त्यांच्या मॅडमले तेच आवडलं. हे कुठून घेतलं विचारलं. माझ्या आजीनं सांगितलं म्हणे. मॅडम माझ्याकडं पाहून हसली. तिले वाटलं, ती आजी म्हणजे मी."

"मग तू काय म्हटलं?"

मग ती म्हणाली, "म्हटलं, मी नव्हे. मोठी आजी. ती विणकर आहे."

हे म्हणताना तिला काय झालं ते मला नेमकं कळलं. तो आवाज मी ओळखते. माझ्या घशातून तो आयुष्यभर निघाला आहे.

पुढच्या महिन्यात मुलगा आला आणि पोरीचं सामान घेऊन गेला. दोन बॅगा आणि एक बादली. ती रविवारी येते, कधी येत नाही. मी अजून जळते. पण आता फोन आला की निरोप त्याच वेळी सांगते.